उसन्या वस्तू, देशी वापर : जॅझच्या तबकड्या, बेसबॉल आणि एका कादंबरीकाराची वंशावळ

1

लेखकाची वंशावळ लावताना वाङ्मयेतिहास सामान्यतः ग्रंथाकडून ग्रंथाकडे जाणारी वाट धरतो. अमुक लेखकाने तमुक लेखक वाचला, त्याचा संस्कार झाला आणि त्यातून पुढची कृती संभवली, असा हा क्रम असतो. प्रभावाभ्यासाची आणि तौलनिक साहित्यविचाराची बरीचशी इमारत याच गृहीतकावर उभी आहे. ज्यांच्या घडणीत ग्रंथांच्या जोडीने छंदांचा आणि वस्तूंचा वाटा मोठा आहे, अशा लेखकांपुढे मात्र ही पद्धत अपुरी पडते. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी (जन्म 1949) हे याचे ठळक उदाहरण होय. जॅझच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह, बेसबॉलचे वेड आणि पुस्तके या तीन गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. चरित्रपर लेखनात त्यांचा हटकून उल्लेख होतो. समीक्षेत मात्र त्या लेखकाच्या आवडीनिवडी म्हणून बाजूला ठेवल्या जातात.

जेव्हा त्यांची दखल घेतली जाते तेव्हा ती बहुधा आरोपाच्या रूपाने घेतली जाते. मुराकामी यांचे साहित्य जपानी मातीत रुजलेले नाही, ते अमेरिकी वस्तूंनी आणि अमेरिकी अभिरुचीने भरलेले आहे, हा आक्षेप जपानमध्ये 1980च्या दशकापासून घेतला गेला. केन्झाबुरो ओए यांच्यासारख्या ज्येष्ठ लेखकाने त्या काळी गंभीर साहित्याच्या ऱ्हासाची जी चिंता व्यक्त केली, तिच्या संदर्भात मुराकामी यांचे नाव येत राहिले. मराठी वाचकाला या वादाचा सूर अनोळखी वाटू नये. भालचंद्र नेमाडे यांनी 1980च्या दशकात मांडलेल्या देशीयतेच्या भूमिकेनंतर मराठी समीक्षेतही देशी काय आणि परके काय, हा प्रश्न वारंवार विचारला गेला. म्हणूनच जॅझ आणि बेसबॉल या दोन गोष्टी जपानमध्ये कशा आल्या आणि तिथे त्यांचे काय झाले, हा इतिहास तपासणे केवळ एका लेखकाच्या आकलनापुरते महत्त्वाचे नाही. परकी म्हणून आलेली वस्तू कोणत्या प्रक्रियेने आपली होते, या व्यापक प्रश्नाशी तो इतिहास जोडलेला आहे.

2

बेसबॉल जपानमध्ये आला तो मेइजी काळात. 1872च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने तोक्योतील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला, असे मानले जाते. पाश्चात्त्य ज्ञानविज्ञानाबरोबर आलेल्या अनेक गोष्टींपैकी ती एक होती. पुढील पाव शतकात मात्र या खेळाने जे स्थान मिळवले ते इतर आयात वस्तूंना क्वचितच मिळाले. 1896 साली तोक्योच्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी योकोहामा येथील अमेरिकी रहिवाशांच्या संघाला 29–4 अशा फरकाने हरवले. असमान करारांच्या सावलीत वावरणाऱ्या राष्ट्राच्या दृष्टीने त्या विजयाचा अर्थ मैदानापुरता मर्यादित नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाची वाटावी अशी घटना याच काळात भाषेच्या पातळीवर घडत होती. तिचे नायक होते मासाओका शिकी (1867–1902). शिरीष पै यांच्यामुळे मराठीत परिचित झालेल्या हायकूला आधुनिक रूप देणारा आणि 'हायकू' ही संज्ञा रूढ करणारा हा कवी विद्यार्थिदशेत बेसबॉलने झपाटलेला होता. क्षयाने शरीर पोखरले जाऊन खेळणे अशक्य झाल्यावर शिकी यांनी खेळाला भाषेत आणले. 1896 मध्ये 'निप्पोन' या वृत्तपत्रातील आपल्या सदरात त्यांनी या खेळाचे नियम समजावून सांगितले आणि चेंडू टोलवणारा, धावणारा, सरळ चेंडू, उंच उडालेला चेंडू अशा संज्ञांसाठी चिनी चित्रलिपीतून जपानी शब्द योजले. त्यांतील कित्येक शब्द आजही जपानी वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर वापरले जातात. खेळाला 'याक्यू' म्हणजे 'मैदानी चेंडू' हे नाव 1894 मध्ये चूमान कानाए यांनी दिले. पण तीच दोन चित्राक्षरे शिकी यांनी त्यापूर्वीच आपल्या 'नोबोरू' या घरगुती नावाशी श्लेष साधत टोपणनावासाठी वापरली होती.

शब्द घडवून शिकी थांबले नाहीत. 1898 मध्ये त्यांनी बेसबॉलवर नऊ तांका लिहिल्या. तांका हा जपानी कवितेतील हजारांहून अधिक वर्षे जुना रचनाप्रकार. त्यात काही विशेषणे परंपरेने ठरावीक शब्दांनाच लावली जातात. 'हिसाकाता नो' हे असेच एक रूढ विशेषण आकाशाला, म्हणजे 'आमे' या शब्दाला लावले जाते. शिकी यांनी ते 'अमेरिका' या शब्दाला लावले, कारण त्या शब्दाच्या आरंभी तोच उच्चार ऐकू येतो. एका श्लेषात अभिजात कवितेचे आकाश आणि खेळाचा परका मुलूख एकत्र आले. ही केवळ गंमत मानणे चुकीचे ठरेल. परक्या वस्तूला आपल्या काव्यपरंपरेतील जागा देणे, तेही त्या परंपरेच्या नियमांनुसार, हे देशीकरणाचे अत्यंत सूक्ष्म रूप आहे. जुने विशेषण मोडलेले नाही आणि नवा शब्दही लपवलेला नाही. दोहोंना एकमेकांमुळे नवा अर्थ मिळाला आहे.

मराठीत याला समांतर उदाहरण क्रिकेटच्या परिभाषेत सापडते. 'गोलंदाज' म्हणजे मूळचा तोफची. तोफखान्यातील हा फारसी वळणाचा शब्द मैदानावर चेंडू टाकणाऱ्याला लागू झाला, त्याच्या जोडीला 'फलंदाज' घडला, आणि 'झेल', 'यष्टी', 'षटक' यांच्यासह बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील समालोचनातून तो घरोघरी पोहोचला. क्रिकेट इंग्रजांचे, हे मराठी श्रोत्याला ठाऊक होते. पण तो खेळ मराठीत ऐकत असताना ते आठवण्याची त्याला गरज पडत नव्हती.

3

बेसबॉल शाळांच्या मैदानांतून आला. जॅझ बंदरांतून आणि नृत्यगृहांतून. 1920च्या दशकात ओसाका आणि तोक्यो येथील नृत्यगृहांत फिलिपिनो वादकांकडून जपानी वादक हे संगीत शिकले. तथापि, जॅझला जपानमध्ये जे खास रूप मिळाले ते वादकांपेक्षा श्रोत्यांनी घडवले, आणि त्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र संस्था निर्माण केली. तिचे नाव 'जॅझ किस्सा', म्हणजे जॅझचे कॉफीगृह. योकोहामा येथे 1933 साली मामोरु योशिदा यांनी सुरू केलेले 'चिगुसा' हे अशा गृहांतील एक प्रसिद्ध नाव. आयात तबकड्या महाग होत्या. सामान्य विद्यार्थ्याला त्या विकत घेणे परवडत नसे. एका कॉफीच्या किमतीत तो कॉफीगृहाच्या मालकाचा संग्रह ऐकू शकत असे. युद्धोत्तर काळात अशा अनेक गृहांत बोलण्यास मनाई असे, वाजत असलेल्या तबकडीचे वेष्टन सर्वांना दिसेल असे मांडले जाई आणि श्रोते ग्रंथालयात बसल्यासारखे स्तब्ध बसत. नृत्यासाठी जन्मलेले संगीत येथे वाचनाच्या शिस्तीने ऐकले गेले.

या दोन्ही आवडींची कसोटी युद्धकाळात लागली. 1943च्या आरंभी शासनाने सुमारे 1000 इंग्रजी आणि अमेरिकी गीतरचनांवर बंदी घातली. त्याच वर्षी बेसबॉलच्या मैदानावरील 'स्ट्राइक', 'सेफ', 'आउट' हे इंग्रजी पुकारे काढून त्यांच्या जागी जपानी शब्द आणले गेले. खेळ मात्र लगेच पूर्णपणे बंद केला गेला नाही, कारण तो एव्हाना शत्रूचा उरलेला नव्हता. किंबहुना त्याचा उपयोग जपानी साम्राज्याने स्वतःच करून घेतला होता. कोशिएन मैदानावरील शालेय स्पर्धेत वसाहतींतील संघही उतरत असत, आणि 1931 मध्ये तैवानमधील कानो या शाळेचा, जपानी, चिनी वंशाच्या आणि आदिवासी मुलांचा संमिश्र संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. जी वस्तू साम्राज्याला आपल्या वसाहतींना 'जपानी' करण्यासाठी वापराविशी वाटते, ती परकी कशी म्हणावी? देशी झालेली गोष्ट आपोआप निष्पाप होत नाही, ही जाणीवही हे उदाहरण करून देते.

'चिगुसा' 1945च्या बाँबवर्षावात संग्रहासह नष्ट झाले. युद्धानंतर योशिदा यांनी ते पुन्हा उभारले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या पियानोवादक तोशिको आकियोशी आणि सॅक्सोफोनवादक सादाओ वातानाबे हे तरुणपणी तेथे येत आणि तबकडी ऐकून स्वरलेखन करीत. छापील स्वरलिपी सहज उपलब्ध नसताना तबकडी हाच ग्रंथ होता, आणि तो पुन्हा पुन्हा 'वाचून' शिकावा लागत होता. संग्राहकाचे दुकान हेच विद्यालय ठरले.

4

मुराकामी यांचे पूर्वायुष्य या दोन इतिहासांच्या संगमावर उभे आहे. त्यांचे आईवडील दोघेही जपानी भाषा-साहित्याचे शिक्षक होते. वडील हायकूही लिहीत. मुलाचे बालपण मात्र गेले कोबेच्या परिसरात, कोशिएन मैदानापासून फार दूर नाही अशा ठिकाणी. कोबे हे बंदर. परदेशी लोकांनी मागे ठेवलेली इंग्रजी पुस्तके तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्तात मिळत आणि तीच या मुलाची शाळा झाली. पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून आर्ट ब्लेकी यांच्या 'जॅझ मेसेंजर्स' या वाद्यवृंदाच्या कोबेतील कार्यक्रमाचे तिकीट मिळाले आणि जॅझचे वेड लागले, असे मुराकामी यांनी स्वतःच सांगितले आहे. जुनी पुस्तके आणि तबकड्या या दोन्ही गोष्टी मूळ मालकापासून, मूळ संदर्भापासून सुटून आलेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घरी अभिजात जपानी परंपरा अभ्यासक्रम म्हणून उभी होती. बंदरातल्या दुकानात परंपरेचे ओझे नसलेल्या सुट्या वस्तू होत्या, आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य होते.

1974 मध्ये, वासेदा विद्यापीठातील शिक्षण अजून संपले नसताना, मुराकामी यांनी पत्नीसह तोक्योच्या पश्चिमेस कोकुबुंजी येथे 'पीटर कॅट' हे जॅझचे कॉफीगृह काढले. 1977 मध्ये ते सेंदागाया येथे हलवले. तेथून जिंगू मैदान चालण्याच्या अंतरावर. 1 एप्रिल 1978 रोजी याकुल्त स्वॉलोज आणि हिरोशिमा कार्प यांच्यातील सामना पाहात असताना, डेव्ह हिल्टन या अमेरिकी खेळाडूने टोला मारून दुसरा तळ गाठला त्या क्षणी, आपण कादंबरी लिहू शकू असे त्यांना वाटले, ही हकीकत आता सर्वपरिचित आहे. तिच्याकडे लेखकाने रचलेली दंतकथा म्हणून पाहता येते. परंतु दंतकथेचे घटक निरर्थक नसतात. सामना संपल्यावर मुराकामी शिंजुकू येथील किनोकुनिया या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि तेथून त्यांनी लेखनाचा कागद व शाईचे पेन आणले. मैदान, कॉफीगृह आणि पुस्तकांचे दुकान या तीन ठिकाणांमधील चालण्याएवढ्या अंतरातच त्यांच्या लेखनाचा उगम आहे.

पहिली कादंबरी रात्री कॉफीगृह बंद झाल्यावर स्वयंपाकघरातील टेबलावर लिहिली गेली. आरंभीचा भाग जपानीत जमेना, तेव्हा त्यांनी तो टंकलेखन यंत्रावर मर्यादित शब्दसंपदेच्या इंग्रजीत लिहिला आणि मग त्याचे जपानीत रूपांतर केले. त्यातून जी लहान वाक्यांची, अलंकारांना नकार देणारी शैली हाती आली ती त्यांची स्वतःची ठरली. 1979 मध्ये या कादंबरीस गुन्झो मासिकाचा नवलेखकांसाठीचा पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये कॉफीगृह दुसऱ्याच्या हाती देऊन ते पूर्णवेळ लेखक झाले. आपण लेखन कोणा लेखकाकडून शिकण्याऐवजी संगीताकडून, म्हणजे लयीकडून आणि उत्स्फूर्त विस्ताराकडून शिकलो, असे मुराकामी नंतर सांगत राहिले. यातील अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. परभाषेतून वळसा घालून मातृभाषेकडे येण्याची ही कृती आणि तबकडीवरून स्वर उतरवून घेण्याची आकियोशी-वातानाबे यांची कृती एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत परक्या वळणाचा सराव करून आपल्या वाद्यातून, आपल्या भाषेतून, वेगळा आवाज काढला जातो.

या दृष्टीने पाहता मुराकामी यांच्यावरील 'अमेरिकीपणा'चा आरोप ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. ज्या बेसबॉलचे वेड त्यांना होते त्याचे शब्द 1896 पासून जपानी होते. ज्या प्रकारचे कॉफीगृह त्यांनी चालवले तसे अमेरिकेत नव्हतेच. ती जपानी श्रोत्यांची निर्मिती होती. मुराकामी यांनी थेट अमेरिका उसनी घेतली नाही. शंभर वर्षांत जपानने घडवलेल्या अमेरिकी वस्तू त्यांना वारशाने मिळाल्या. ओए यांचा आक्षेप वस्तूंच्या उगमाकडे पाहतो. वापराच्या इतिहासाकडे पाहिले तर चित्र बदलते.

5

तरीही हा निष्कर्ष निर्वेध स्वीकारता येणार नाही. त्याची मर्यादा मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते, कारण तेथेही जॅझ आला, पण वेगळ्या वाटेने. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागोमाग इतर अमेरिकी वादक आले. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी हे संगीत प्रत्यक्ष सहवासात आत्मसात केले. 'चिक चॉकोलेट' या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केले. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराच्या 'अलबेला' (1951) मधील गाण्यांत हे जॅझ इतके मिसळून गेले आहे की ती गाणी गुणगुणणाऱ्यास ते वेगळे काढता येत नाही. येथे संग्रह नव्हता, सहवास होता. श्रोत्यांचे मौन नव्हते, थिरकणारी गर्दी होती. म्हणूनच मुंबईचा जॅझ चित्रपटगीतात विरघळला, तर जपानमधला जॅझ तबकड्यांच्या फडताळात आपले नाव आणि सनावळी टिकवून राहिला. एका ठिकाणी देशीकरण विसरण्यातून झाले, दुसऱ्या ठिकाणी नोंदींतून.

नोंदीने जे मिळते त्याची किंमतही द्यावी लागते. तबकडी संगीत घेऊन जाते, संगीतामागचे जीवन मागे राहते. ज्या वांशिक छळातून आणि अवहेलनेतून जॅझ जन्मला त्याचा भार कॉफीगृहाच्या अंधारात बसलेल्या श्रोत्यापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. मुराकामी यांच्या कथनातील एकाकी, नीटनेटका, अभिरुचिसंपन्न श्रोता आणि त्याच्या भोवतीची अलिप्तता यांचे मूळ काही अंशी या ऐकण्याच्या रीतीतच आहे. संग्राहकाला वस्तू हाताशी मिळते; तिच्यामागील माणसाशी मात्र समोरासमोर गाठ पडत नाही. या बाबतीत ओए यांच्या चिंतेत तथ्य आहे, फक्त तिचे कारण वस्तूच्या अमेरिकीपणात शोधण्याऐवजी तिच्या सुटेपणात शोधावयास हवे.

मराठी देशीवादी चर्चेलाही येथे काही शिकण्यासारखे आहे. नेमाडे यांच्या भूमिकेत बाह्य घटकांच्या देशीकरणाला जागा होती. तिच्या अनुकरणातून झालेल्या चर्चेत मात्र पुष्कळदा उगमाचा दाखला मागण्यावरच काम भागवले गेले. 'कोसला' (1963) संदर्भात सॅलिंजर यांच्या 'कॅचर'चे नाव मराठीत अनेकदा घेतले गेले, ते बहुधा ऋण सिद्ध करण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी. त्याच कादंबरीचा मुराकामी यांनी केलेला जपानी अनुवाद 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच पुस्तक दोन भाषांत कोणत्या वापरासाठी आले आणि तेथे त्याने कोणती वाक्ये शक्य केली, असा प्रश्न विचारला तर ऋणाच्या हिशेबापलीकडे जाता येईल.

6

उत्तरायुष्यात या तिन्ही आवडींचा मुराकामी यांनी कथात्म हिशेब मांडला आहे. 2020 मध्ये जपानीत प्रसिद्ध झालेल्या, 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' या नावाने इंग्रजीत आलेल्या कथासंग्रहातील दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत निवेदक विद्यार्थिदशेत चार्ली पार्कर यांच्या एका अस्तित्वात नसलेल्या तबकडीचे परीक्षण लिहितो. पार्कर 1955 मध्ये निवर्तले. परीक्षणात ते पुढील दशकात बोसा नोव्हा वाजवतात. पुढे कधीतरी न्यूयॉर्कच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात निवेदकाला तीच तबकडी दिसते, तो ती घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती तेथे नसते. दुसऱ्या कथेत निवेदक आपण जिंगू मैदानावर बसून लिहिलेल्या आणि स्वखर्चाने 500 प्रती छापलेल्या स्वॉलोज संघावरील कवितासंग्रहाविषयी सांगतो. त्या प्रती आता संग्राहकांच्या दृष्टीने मोलाच्या झाल्याचेही नमूद करतो. हाही संग्रह काल्पनिकच. न निघालेली तबकडी आणि न छापलेले पुस्तक अशा दोन वस्तूंनी संग्राहकाचे फडताळ पूर्ण होते. जे जगात मिळाले नाही ते भाषेत निर्माण करणे, हीच संग्राहकाची लेखकात झालेली परिणती होय.

स्वॉलोजवरील त्या कवितांचा पूर्वज शोधू गेल्यास वाट अमेरिकेकडे जात नाही. ती अंथरुणाला खिळलेल्या शिकी यांच्या 1898च्या नऊ तांकांकडे जाते. जपानी कवितेत बेसबॉलला जागा आहे की नाही, हा प्रश्न तेथे केव्हाच मिटला होता. 2021च्या ऑक्टोबरमध्ये वासेदा विद्यापीठाने मुराकामी यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले. त्यात त्यांची हस्तलिखिते आणि अनुवाद यांच्या जोडीला तबकड्या आहेत, आणि 'पीटर कॅट'मधला पियानोही आहे. विद्यापीठाने ग्रंथ आणि तबकड्या एकाच छताखाली ठेवून जे मान्य केले, ते वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीतही मान्य व्हावयास हवे. लेखकाने काय वाचले या प्रश्नाच्या जोडीला त्याने काय जमवले, काय ऐकले, कोणत्या मैदानावर बसून काय पाहिले आणि त्या साऱ्याला त्याच्या भाषेत आधी कोणी नाव दिले होते, हे विचारल्याखेरीज देशी आणि परके यांचा निवाडा करण्याचा अधिकार समीक्षेला प्राप्त होत नाही.